फिक्स्ड रेट असूनही हप्ता का वाढला? एस्क्रोमधल्या प्रॉपर्टी टॅक्सचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत दोन वर्षांपूर्वी घेतलेलं घर, ३० वर्षांचं फिक्स्ड रेट लोन. आता सर्व्हिसरचं (बँकेच्या वतीने लोनचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीचं) पत्र आलंय की पुढच्या महिन्यापासून हप्ता ३२५ डॉलरने वाढणार, नाहीतर २,१०० डॉलर एकरकमी भरा. त्याच आठवड्यात टाउनशिपकडून, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडून, प्रॉपर्टी टॅक्सचं बिलही घरी आलं. बँक लुबाडतेय का, ते बिल भरायचं का, आणि एस्क्रो (टॅक्स-विम्यासाठी हप्त्यातून पैसे जमा होणारं खातं) बंद करून टॅक्स स्वतःच भरलेला बरा का, असे तीन प्रश्न विचारले आहेत.

आधी उत्तरं सांगून टाकतो. बँक बहुधा लुबाडत नाहीये, पण हिशेब तपासायला हवा. बिल बहुधा तुम्ही भरायचं नाही, पण बिलावरचा एक रकाना बघितल्याशिवाय ते बाजूला टाकू नका. आणि एस्क्रो बंद करणं? न्यू जर्सीत तरी मी त्याच्या भानगडीत पडणार नाही. मी आधी लोन सर्व्हिसिंगमध्ये एस्क्रोच्या टेबलावर होतो, आता टॅक्स रिटर्न भरून देतो. त्यामुळे या पत्राची लिहिणारी बाजूही पाहिली आहे आणि ते हातात पडल्यावर चिडणारी बाजूही.

आपल्या लोकांचा गोंधळ होतो तो सवयीमुळे. भारतात होम लोनचा ईएमआय एकीकडे आणि महापालिकेचा मिळकतकर दुसरीकडे. पुण्यात माणूस ठरलेल्या मुदतीच्या आत कर भरून सवलत पदरात पाडून घेतो, बँकेला त्याचं सोयरसुतक नसतं. इथे अमेरिकेत बँकेला असतं, कारण थकलेल्या प्रॉपर्टी टॅक्सचा बोजा तिच्या गहाणाच्याही वर चढतो. उद्या घर विकायची वेळ आली तर आधी टाउनशिपचे पैसे, मग बँकेचे. म्हणून ती दर महिन्याला तुमच्याकडून टॅक्स आणि घराच्या विम्याचा बारावा हिस्सा घेते, एस्क्रो खात्यात ठेवते आणि तारीख आली की भरून टाकते. तुमच्या हप्त्यातलं मुद्दल आणि व्याज फिक्स्ड आहे, ते ३० वर्षं हलणार नाही. टॅक्स आणि विमा कधीच फिक्स्ड नव्हते.

यातून एक गोष्ट निघते आणि बाकीचं सगळं तिच्याभोवती फिरतं. सर्व्हिसरचं काम आलेलं बिल वेळेवर भरणं, एवढंच आहे. बिल बरोबर आहे का, घराचं मूल्यांकन जास्त लावलंय का, तुम्हाला मिळायची सवलत लागली का, हे तो बघत नाही, त्याच्याकडून तशी अपेक्षाही नाही. पैसे तुमचेच आहेत. तेव्हा लक्ष बँकेच्या ॲपवर कमी आणि टाउनशिपच्या टॅक्स पोर्टलवर जास्त ठेवा.

आता ३२५ डॉलरचा हिशेब. तुम्ही पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे गेल्या वर्षी टॅक्स १२,००० आणि विमा १,८०० धरला होता. एकूण १३,८००, म्हणजे महिन्याला १,१५०. प्रत्यक्षात टॅक्स १३,२०० झाला आणि विमा २,४००, म्हणजे एकूण १५,६००. खात्यात जमा झाले १३,८००, गेले १५,६००. तफावत १,८०० ची. पण पत्रात शॉर्टेज (खात्यात हवी त्याहून कमी पडणारी रक्कम) २,१०० आहे. वरचे ३०० कुठून आले?

ते कुशनचे. १९७४ च्या रेस्पा या घरकर्जाविषयीच्या कायद्याखालच्या नियमांनुसार सर्व्हिसर वर्षाच्या एकूण खर्चाच्या जास्तीत जास्त एक षष्ठांश, म्हणजे दोन महिन्यांची रक्कम राखीव ठेवू शकतो. १३,८०० वर ती २,३०० होती, १५,६०० वर २,६०० झाली. राखीव रकमेतली ही वाढही तुमच्याकडूनच भरून घेतली जाते. आता २,१०० भागिले १२, म्हणजे १७५. नवा मासिक खर्च १,३००. एस्क्रोचा नवा हप्ता १,४७५, जुना १,१५०, फरक ३२५. आकडे जुळतात.

यात लोक हमखास चुकतात ते असं. २,१०० चा चेक दिला की हप्ता पूर्वीसारखा होईल असं वाटतं. होत नाही. चेक दिलात तर फक्त ते १७५ जातात, १५० ची वाढ राहतेच, कारण टॅक्स आणि विमा खरोखरच वाढले आहेत. चेक न देता वर्षभर ३२५ जास्त भरलेत, तरी वर्षअखेरीला तुम्ही त्याच जागी पोचता, कारण शॉर्टेज फिटलं की १७५ आपोआप कमी होतात. शॉर्टेजवर सर्व्हिसर व्याज लावत नाही. मग घाई कशाला? पैसे सेव्हिंगमध्ये असतील तर तिथेच राहू द्या आणि हप्त्याने फेडा. एक महिन्याच्या एस्क्रो हप्त्याएवढं किंवा त्याहून मोठं शॉर्टेज असेल तर ते किमान १२ महिन्यांत विभागून द्यावंच लागतं. एकरकमी भरण्याचा पर्याय ते सुचवू शकतात, सक्ती करू शकत नाहीत. तुमचं तर दीड महिन्याहून जास्त आहे.

एस्क्रोच्या वार्षिक विवरणात दोन तक्ते असतात, गेल्या वर्षी काय झालं आणि पुढच्या वर्षी काय होणार. लोक पहिला वाचतात. तुम्ही दुसरा वाचा. त्यात महिन्यागणिक शिल्लक दाखवलेली असते आणि एका महिन्यात ती सर्वांत खाली जाते. शॉर्टेज भरून निघाल्याचं धरून ती सर्वांत खालची रक्कम कुशनएवढी यायला हवी. कुशन २,६०० च्या वर धरलेलं दिसलं तर फोन करायला कारण आहे.

न्यू जर्सीत आणखी एक गोम आहे. इथे टॅक्स चार तिमाहींत, १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट आणि १ नोव्हेंबरला भरायचा असतो. पण वर्षाचा खरा दर उन्हाळ्यात ठरतो. म्हणून फेब्रुवारी आणि मेचे हप्ते गेल्या वर्षाच्या अंदाजाने असतात, आणि वर्षभराची सगळी वाढ ऑगस्ट-नोव्हेंबरच्या दोन हप्त्यांवर येऊन आदळते. तुमच्या उदाहरणात फेब्रुवारी-मेला ३,००० प्रत्येकी आणि ऑगस्ट-नोव्हेंबरला ३,६०० प्रत्येकी. आता एखाद्या सर्व्हिसरच्या सिस्टिमने ऑगस्टचं बिल उचलून त्याला चारने गुणलं, तर वर्षाचा टॅक्स १४,४०० दिसतो. प्रत्यक्षात तो १३,२०० आहे. असं झालेलं मी एकदा नाही, अनेकदा पाहिलंय. तुमच्या विवरणातल्या पुढच्या वर्षाच्या तक्त्यात चारही हप्ते ३,३०० च्या आसपास आहेत का ते बघा. ३,६०० दिसले तर टाउनशिपच्या बिलाची प्रत जोडून एस्क्रोचा हिशेब नव्याने मागा. ते करून देतात.

आणि वाढ टॅक्सची की विम्याची हेही बघा. तुमच्या १,८०० च्या तफावतीपैकी १,२०० टॅक्सचे आणि ६०० विम्याचे आहेत. टॅक्स तुम्हाला लगेच हलवता येत नाही, विमा येतो. चार ठिकाणी भाव काढा. मात्र कंपनी बदललीत तर नव्या पॉलिसीत सर्व्हिसरचं नाव आणि लोन नंबर बरोबर घातलाय का, आणि जुन्या कंपनीचा रिफंड चेक तुमच्या नावे आला तर तो एस्क्रोत परत टाकलात का, इकडे लक्ष असू द्या. तो चेक सुट्टीच्या तिकिटांवर गेला की पुढच्या वर्षी शॉर्टेज ठरलेलं.

आता घरी आलेलं बिल. न्यू जर्सीच्या टॅक्स बिलावर वरच्या बाजूला ब्लॉक, लॉट असे रकाने असतात आणि त्यांच्यातच बँक कोड असतो. तिथे कोड असेल, तर टाउनशिपच्या लेखी हे बिल सर्व्हिसरकडे जातं आणि तुमच्याकडे आलेली माहितीची प्रत आहे. तसं त्यावर छापलेलंही असतं. ती फाईल करा, भरू नका. दोघांनी भरलं तर जास्तीचे पैसे कुणाला आणि कसे परत करायचे यात टाउनशिपच्या टॅक्स कलेक्टरच्या ऑफिसात महिनोन् महिने जातात, बहुतेक वेळा ते पुढच्या तिमाहीत वळते होतात आणि तुमचा खिसा रिकामाच राहतो.

बँक कोडचा रकाना कोरा असेल किंवा तिथे जुन्या सर्व्हिसरचा कोड असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. लोन एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं की हे हमखास घडतं, आणि इथे लोन विकली जाणं ही रोजची गोष्ट आहे. अशा वेळी बिलाची प्रत सर्व्हिसरच्या टॅक्स विभागाला पाठवा, पोच घ्या, आणि देय तारखेच्या आधी आठवडाभर टाउनशिपच्या पोर्टलवर पैसे जमा झालेत का बघा. बहुतेक टाउनशिप दहा दिवसांची सवलत देतात. ती उलटली की पहिल्या १,५०० वर वर्षाला ८ टक्के आणि त्यावरच्या रकमेवर १८ टक्क्यांपर्यंत व्याज लागतं, तेही मूळ देय तारखेपासून.

सर्व्हिसरने टॅक्स भरायला उशीर केला तर? तुमचा हप्ता ३० दिवसांहून जास्त थकलेला नसेल, तर खात्यात पैसे कमी असले तरी त्याने पदरचे घालून वेळेवर भरायला हवेत. त्याच्या चुकीने लागलेला दंड त्याच्याच माथी. पण फोनवर हुज्जत घालू नका. फोनवरचा माणूस बदलत राहतो आणि प्रत्येक जण नव्याने तिकीट उघडतो. लेखी कळवा, विषयात 'नोटिस ऑफ एरर' असं लिहा, लोन नंबर, कोणती तिमाही, किती दंड, पोर्टलचा स्क्रीनशॉट, एवढं जोडा. हे पत्र हप्ता भरण्याच्या पत्त्यावर पाठवू नका. सर्व्हिसरच्या वेबसाइटवर तक्रारीसाठी वेगळा पत्ता असतो, तोच वापरा. नियमाप्रमाणे कामकाजाच्या पाच दिवसांत पोच आणि साधारणपणे कामकाजाच्या ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लोन नुकतंच दुसऱ्या कंपनीकडे गेलं असेल आणि चुकून हप्ता जुन्या कंपनीला गेला, तर पहिल्या ६० दिवसांत तो उशिरा धरता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

तुमचं घर जुनं आहे, पण हे वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी नवं बांधकाम घेतलं असणार, तेव्हा त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. खरा फटका तिथेच बसतो.

टेक्सासचं उदाहरण घ्या, डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्कोकडे आपली माणसं खोऱ्याने आहेत. तिथे १ जानेवारीला जमिनीवर जे उभं असेल त्यावर वर्षाचा टॅक्स. बिल्डरकडून मार्च २०२४ मध्ये घर घेतलंत, पण १ जानेवारीला तिथे नुसता प्लॉट होता. म्हणून २०२४ चं बिल २,००० डॉलर. सर्व्हिसरने त्यावरून महिन्याला १६७ घ्यायला सुरुवात केली. मंडळी खूश, टेक्सासचा टॅक्स म्हणे भारी असतो! २०२५ चं बिल ऑक्टोबरात आलं ते पूर्ण घराचं, १२,०००. सर्व्हिसरने ते भरलं, खातं उणे ९,६६७ वर गेलं. आता ते भरून काढायचं, कुशन ३३३ वरून २,००० वर न्यायचं आणि पुढच्या वर्षाचे महिन्याला १,००० घ्यायचे. वर्षभरात विभागलं तरी एस्क्रोचा हप्ता १६७ वरून १,९७२ होतो. महिन्याला १,८०० डॉलरची वाढ, तीही जेमतेम घर लावून झालेलं असताना. शिवाय उणे शिल्लक हा शॉर्टेजपेक्षा वेगळा प्रकार आहे. तिच्यासाठी १२ महिन्यांचं संरक्षण नाही, दोन हप्त्यांतही मागता येते. बरेचसे सर्व्हिसर बारा देतात, पण मागावे लागतात.

याची उलट बाजूही आहे. काही लेंडर शहाणपणाने पहिल्यापासून पूर्ण घराच्या अंदाजाने पैसे घेतात. मग पहिलं बिल २,००० चंच आलं की खात्यात भरपूर पैसे उरतात, आणि ५० डॉलर किंवा त्याहून जास्त शिल्लक उरली की ती परत करणं सर्व्हिसरला नियमाने भाग असतं. तो हजारो डॉलरचा चेक घरी येतो, सोबत हप्ता कमी झाल्याचं पत्र. लोकांना लॉटरी लागल्यासारखं वाटतं. ते पैसे पुढच्या डिसेंबरात टॅक्ससाठी लागणार आहेत. ते वेगळ्या सेव्हिंगमध्ये टाका आणि सर्व्हिसरला कळवा की एस्क्रोचा हप्ता कमी करू नका, पूर्ण मूल्यांकन धरा. लेखी विनंती केली तर बहुतेक जण ऐकतात.

न्यू जर्सीत नव्या घरासाठी ॲडेड असेसमेंट असतं. बांधकाम पूर्ण झाल्यापासून वर्ष संपेपर्यंतच्या महिन्यांचा जास्तीचा टॅक्स. त्याचं बिल ऑक्टोबरात निघतं आणि १ नोव्हेंबरला देय असतं. ते नेहमीच्या बिलापासून सुटं असतं आणि बरेचदा फक्त मालकाकडे येतं. बेसमेंट फिनिश केलं, मोठा डेक बांधला, तरी हे येऊ शकतं. हे बिल आलं की सर्व्हिसरला विचारा, तो भरणार नसेल तर स्वतः भरा.

कॅलिफोर्नियात त्याचं नाव सप्लिमेंटल बिल. १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ मुळे तिथे मूल्यांकन वर्षाला २ टक्क्यांहून जास्त वाढत नाही, पण घर विकलं गेलं की ते नव्या किमतीवर उडी मारतं. फ्रीमाँटमध्ये जुन्या मालकाचं मूल्यांकन ४ लाख आणि तुम्ही घेतलं १४ लाखांना, तर मधल्या १० लाखांवरचा टॅक्स सप्लिमेंटल बिलाने येतो. १.२ टक्के धरा, वर्षाचे १२,००० होतात, उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. जानेवारी ते मे दरम्यान घर घेतलंत तर अशी दोन बिलं येतात, एक चालू आर्थिक वर्षाचं आणि एक पुढच्या. ही बिलं थेट तुमच्याकडे येतात, सर्व्हिसर साधारणपणे ती भरत नाही. 'बँक बघतेय' म्हणून ड्रॉवरमध्ये टाकली की १० टक्के दंड.

सवलतींचं तेच. टेक्सासात राहत्या घराची होमस्टेड सवलत तुम्हालाच अपरेजल डिस्ट्रिक्टकडे (घरांचं मूल्यांकन करणाऱ्या स्थानिक कार्यालयाकडे) अर्ज करून घ्यावी लागते. अर्ज फुकट आहे. घर घेतल्यावर 'आम्ही करून देतो' म्हणून फी मागणारी सरकारी वाटावीत अशी पत्रं येतात, ती फाडून टाका. ड्रायव्हिंग लायसन्सवर नव्या घराचा पत्ता आधी करून घ्या. ही सवलत लागली की शाळेच्या टॅक्ससाठी मूल्यांकनातून मोठी रक्कम वजा होते (२०२३ मध्ये ती १ लाख डॉलर झाली, पुढे १ लाख ४० हजार) आणि पुढच्या वर्षापासून करपात्र मूल्य वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढत नाही. न्यू जर्सीतल्या अँकर या प्रॉपर्टी टॅक्स सवलतीच्या योजनेचे पैसे मात्र थेट तुमच्या हातात येतात, एस्क्रोत नाही. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, त्यात बसत असाल तर तपासा.

मूल्यांकनच जास्त वाटत असेल तर अपीलही तुम्हालाच करावं लागतं. मिडलसेक्समध्ये ते काउंटी बोर्ड ऑफ टॅक्सेशनकडे १ एप्रिलपर्यंत करायचं, टाउनमध्ये त्या वर्षी पुनर्मूल्यांकन झालं असेल तर १ मेपर्यंत. मॉनमथसारख्या काही काउंटींत तारीख जानेवारीतच असते. बोर्डापुढे 'माझा टॅक्स फार आहे' म्हणून उपयोग नसतो, 'माझ्या घराचं मूल्य बाजारभावाच्या मानाने जास्त धरलंय' हे आसपासच्या विक्रीचे आकडे देऊन दाखवावं लागतं. आणि अपील करताना त्या वेळेपर्यंतचा टॅक्स भरलेला असावा लागतो. सर्व्हिसरने फेब्रुवारीचा हप्ता चुकवला असेल तर तुमचं अपील त्यावरच अडकू शकतं. म्हणून मार्चमध्ये पोर्टल बघा.

जाता जाता, 'न्यू जर्सीत २ टक्क्यांची कॅप आहे, मग माझा १० टक्के कसा वाढला' असं पुष्कळ जण विचारतात. २०१० चा तो कायदा टाउनशिपने आणि शाळेने गोळा करायच्या एकूण रकमेवर आहे, त्यातही अपवाद आहेत. तुमच्या एका घराच्या बिलावर कसलीच कॅप नाही. तुमच्या बिलावर शाळा, टाउनशिप आणि काउंटी अशा वेगवेगळ्या ओळी असतात. शाळेची ओळ सहसा सगळ्यांत जाड. दोन वर्षांची बिलं शेजारी ठेवलीत की वाढ कुठून आली ते कळेल.

तिसरा प्रश्न, एस्क्रो बंद करण्याचा. एफएचए लोन (सरकारी विम्याचं लोन) असेल तर विषयच संपला, तिथे तो सक्तीचा आहे. कन्व्हेन्शनल, म्हणजे सरकारी हमी नसलेल्या लोनमध्ये घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत लोन असेल आणि हप्ते वेळेवर असतील तर बहुतेक सर्व्हिसर मागणी केल्यावर सोडतात, काही जण फी घेतात. फायदा किती, तो बघा. तुमच्या खात्यात सरासरी साधारण ५,००० डॉलर पडून असतील, कारण टॅक्स दर तीन महिन्यांनी निघून जातो. ४ टक्के व्याज धरलं तर वर्षाला २०० डॉलर, त्यावरही टॅक्स. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत एस्क्रोवर व्याज द्यायचे कायदे आहेत, राष्ट्रीय बँकांना ते लागू होतात का यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला आणि मे २०२४ मध्ये तो पुन्हा खालच्या कोर्टाकडे आला. न्यू जर्सीत तसंही काही नाही. टेक्सासात वर्षातून एकदाच भरायचं असल्याने पडून राहणारी रक्कम जास्त, फायदा ३०० च्या आसपास. पण तिथे ३१ जानेवारी चुकली तर फेब्रुवारीतच ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज, १२,००० वर ८४० डॉलर. घरात तारखा पाळणारं माणूस असेल, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असेल, तर खुशाल सोडा. नाहीतर २०० डॉलरसाठी वर्षात चार तारखा आणि विम्याची पाचवी डोक्यावर कशाला घ्यायची?

टॅक्स रिटर्नच्या वेळी हे लागेल. वजावट मिळते ती सर्व्हिसरने त्या वर्षात टाउनशिपला प्रत्यक्ष भरलेल्या रकमेची, तुम्ही एस्क्रोत टाकलेल्या रकमेची नाही. तुम्ही वर्षभर १३,८०० टाकले असतील, त्यातला विमा तर बादच, आणि टॅक्सचे १३,२०० भरले गेले असतील तर १३,२००. फॉर्म १०९८ च्या (सर्व्हिसरकडून येणाऱ्या व्याजाच्या वार्षिक पत्रकाच्या) दहाव्या रकान्यात हा आकडा बरेचदा असतो, पण तो देणं सक्तीचं नाही, नसेल तर एस्क्रोच्या वार्षिक विवरणातून घ्या. घर घेतलेल्या वर्षी मात्र नुसत्या १०९८ वर जाऊ नका. क्लोझिंगच्या, म्हणजे खरेदी पूर्ण झाल्याच्या दिवशी विक्रेत्याशी टॅक्सची जी देवघेव झाली ती क्लोझिंग डिस्क्लोजर या अंतिम हिशेबावर असते, आणि मालकीच्या दिवसापासूनचा टॅक्स तुमचा मानला जातो, भरला कुणीही असो. ही कसरत आता पुन्हा कामाची झाली आहे. २०१८ पासून राज्य आणि स्थानिक करांची वजावट १०,००० वर अडकली होती आणि दोन पगारांच्या घरात ती न्यू जर्सीच्या इन्कम टॅक्समध्येच संपायची. २०२५ साठी मर्यादा ४०,००० झाली. उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की ती घटत जाते, पण १०,००० च्या खाली येत नाही.

रिफायनान्स करत असाल तर नव्या लेंडरकडे एस्क्रो नव्याने भरावा लागतो आणि जुन्यातली शिल्लक नंतर येते, लोन फिटल्यापासून कामकाजाच्या २० दिवसांत. मधल्या काळात खिशात तेवढे पैसे ठेवा. क्लोझिंग टॅक्सच्या तारखेजवळ असेल तर तो हप्ता जुना सर्व्हिसर भरणार की टायटल कंपनी (क्लोझिंगचा व्यवहार पार पाडणारी), हे लेखी विचारा. आणि पुढे कधी लोन पूर्ण फेडलंत, तर टॅक्स कलेक्टरच्या ऑफिसला फोन करून बँक कोड काढायला सांगा, म्हणजे पुढच्या तिमाहीचं बिल जुन्या सर्व्हिसरकडे न जाता तुमच्या पत्त्यावर येईल.